अंगणाशिवाय घर देऊ नका : आफ्रिकेत वसाहती बांधणाऱ्या भारतीय कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
आफ्रिकेत गृहप्रकल्प उभारणाऱ्या भारतीय बांधकाम कंपन्या, त्यांच्यासाठी नकाशे काढणारे मुंबई-पुण्यातले आर्किटेक्ट आणि या कामांना कर्ज देणाऱ्या संस्था

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका भारतीय कंपनीच्या गृहप्रकल्पाचे नकाशे माझ्याकडे तपासणीसाठी आले. जागा घानातल्या कुमासी शहराच्या वेशीवरची, घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. चार मजली इमारती, मधे जिना, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. हॉल, दोन बेडरूम, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढं स्वयंपाकघर आणि त्याला लागून ड्राय बाल्कनी. एका फ्लॅटच्या कोपऱ्यात ‘पूजा’ असं लिहिलेला कोनाडा तसाच राहून गेला होता. नकाशे कुठल्या तरी जुन्या कामातून उचलले आहेत, हे कळायला तेवढा कोनाडा पुरेसा होता. मी आक्षेप लिहून पाठवले. उत्तर आलं की लोकांना आधुनिक घरं हवी आहेत, नकाशांना मंजुरी मिळालेली आहे, तुम्ही फक्त जिन्याची रुंदी आणि ड्रेनेज बघा.

ते उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही. असे नकाशे मी याआधीही पाहिले आहेत, आणि ते वेगवेगळ्या ऑफिसांतून आलेले होते.

मी मूळची साताऱ्याची. शिक्षण पुण्यात झालं, काम बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेत. कुमासीत मी जुन्या वस्तीतल्या एका कंपाउंड हाउसमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. मधे उघडं अंगण, चारी बाजूंना एकेरी ओळीत खोल्या, खोल्यांपुढे पडवी आणि रस्त्याकडे एकच दार, असं हे घर असतं. मालकाचं कुटुंब, त्यांचे नातेवाईक आणि भाडेकरू असे सगळे त्याच अंगणाभोवती राहतात. माझी आई पुण्यातल्या एका वाड्यात भाडेकरूच्या घरात वाढली. तिला मी हे घर फोनवर दाखवलं तेव्हा काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

ही काही जतन करायची जुनी वस्तू नाही. घानाच्या २०१० च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक कुटुंबं अशाच घरांत राहत असल्याची नोंद आहे. कुमासीच्या ईशान्येला उरलेल्या, असांते या इथल्या मूळ समाजाच्या देवस्थानांच्या इमारती १९८० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्यांचीही मांडणी हीच : चार बाजूंना चार इमारती, मधे चौक. मातीच्या भिंती गेल्या, सिमेंटचे ब्लॉक आले, गवताच्या जागी पत्रा आला, मांडणी मात्र टिकली. जी मांडणी इतक्या बदलांतून टिकते, तिच्यामागची कारणं शोधणं हे आपल्या पेशाचं काम आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की तुमच्या नकाशात घराची मुख्य खोलीच नाही. तुम्ही हॉलला मुख्य खोली धरता. इथं मुख्य खोली म्हणजे अंगण. पहाटे ते झाडलं जातं, मग बादल्या भरल्या जातात, मुलांच्या आंघोळी होतात, कपडे धुऊन दोरीवर जातात. कोळशाची शेगडी, जिला इथं कोलपॉट म्हणतात, ती अंगणातच पेटते. गॅस असलेली घरंही रस्सा मोठ्या भांड्यात, बाहेरच शिजवतात, कारण तो एका कुटुंबापुरता शिजत नाही. संध्याकाळी फुफू कुटतात. उकडलेला कसावा हा कंद आणि प्लांटेन ही भाजीची केळी लाकडी उखळीत घालून एक जण उभ्यानं, माणसापेक्षा उंच मुसळानं कुटतो आणि दुसरी व्यक्ती बसून दोन घावांमध्ये हात घालून गोळा फिरवते. याला वर मोकळी हवा लागते, खाली भक्कम जमीन लागते आणि बाजूला बसायला जागा लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीत हे होत नाही. खालच्या मजल्यावरचे लोक छत हादरतं म्हणून तक्रार करतात, मग सोसायटी फुफू कुटायला बंदी घालते, आणि रोजचं जेवण बाहेरून विकत आणावं लागतं. ज्या घरात तिथलं रोजचं जेवण बनवता येत नाही, त्याला मी स्वस्त घर म्हणणार नाही.

यात पैशाचाही हिशेब आहे, तो तुम्ही धरलेला नाही. माझ्या शेजारच्या दोन बायका अंगणात केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, शिजवून विकतात, एक केस विणून देते, एक शिवणकाम करते. त्यांच्यासाठी अंगण हेच दुकान आणि तोच कारखाना. पाळणाघरही तेच, कारण मुलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. अशा बाईला तुम्ही वरच्या मजल्यावर फ्लॅट दिला तर तिची कमाई थांबते, आणि त्याच महिन्यापासून तिला हप्ता सुरू होतो.

आणि प्रसंग. बाळाला आठव्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर आणून नाव ठेवतात, तेव्हा अंगण भरतं. कोणी गेलं की आठवड्यानं आणि चाळीस दिवसांनी माणसं जमतात. असांते लोकांमध्ये अंत्यविधीला न जाणं ही फार मोठी चूक समजली जाते, त्यामुळे माणसं थोडी नसतात. तुमच्या लेआउटमध्ये त्यांच्यासाठी पार्किंगची जागा आहे, बसायची नाही.

दुसरी तक्रार कुटुंबाच्या मोजदादीबद्दल. तुमच्या तक्त्यात कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं. असांते समाजात घर, जमीन, वारसा हे सगळं आईच्या कुळाकडून, अबुसुआकडून चालतं. कुळाचं घर विकत नाहीत. विधवा झालेली बहीण, काम सुटलेला भाचा, शहरात शिकायला आलेली मुलगी यांना त्या घरात खोली मिळते, भाडं न देता. लग्नानंतरही नवरा-बायको आपापल्या आईच्या घरी राहतात आणि संध्याकाळी बायकोनं रांधलेलं जेवण मुलं डोक्यावरून नवऱ्याच्या घरी नेतात, ही पद्धत मायर फोर्टिस या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात नोंदवली होती. शहरात ती आता कमी झाली आहे. पण कोण कोणाबरोबर, कोणत्या खोलीत, किती दिवस राहील हे इथं सतत बदलतं, हे आजही खरं आहे. सुट्या खोल्यांचं घर हा बदल सहज पचवतं. बंद दाराच्या आत ठरावीक हॉल-बेडरूम असलेल्या फ्लॅटला ते जमत नाही.

ही चूक घानात एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून झाली आहे. आकोसोम्बो धरणामुळे व्होल्टा नदीकाठची सुमारे ८०,००० माणसं १९६० च्या दशकात उठली आणि ५२ नव्या वसाहतींत नेली गेली. प्रत्येक कुटुंबाला एक ‘गाभा घर’ मिळालं : एक पूर्ण खोली, बाकीच्या खोल्या त्यांनी पुढे स्वतः बांधायच्या. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या कुटुंबांत दोन बायका होत्या आणि प्रत्येकीला स्वतःची खोली व स्वतःची चूल असणं हा मानाचा आणि शांततेचा प्रश्न होता, त्यांनाही तीच एक खोली. खोल्या वाढवायला लागणारे पैसे शेतीतून यायचे, आणि शेती तर पाण्याखाली गेलेली. पुढच्या काही वर्षांत बरेच लोक त्या वसाहती सोडून निघून गेले. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, ग्रंथालयात मिळतं.

तिसरी तक्रार पैशाची. ‘परवडणारी घरं’ असा फलक लावल्यानं घर परवडणारं होत नाही. घानाची राजधानी अक्रा, तिच्याजवळच्या सागलेमी प्रकल्पासाठी २०१२ मध्ये २० कोटी डॉलरची मंजुरी झाली. ५,००० घरांची योजना होती, उभी राहिली सुमारे १,५०० आणि २०१६ मध्ये उद्घाटन होऊनही ती वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. अंगोलात लुआंडाबाहेर चिनी कंपनीनं बांधलेल्या किलांबा शहराचं उद्घाटन २०११ मध्ये झालं. जवळपास २०,००० फ्लॅट, आणि किमती इतक्या चढ्या की घ्यायला कोणी नाही. २०१३ मध्ये सरकारनं किमती बऱ्याच खाली आणल्या तेव्हा कुठं लोक राहायला आले. दोन्हीकडे घर पूर्ण बांधून, एकदम, एका किमतीला विकायचं ठरलं होतं. कुमासीतला सुतार किंवा बाजारात टोमॅटो विकणारी बाई असं घर कधीच घेत नाही. ती आधी जागा मिळवते, मग थोडे थोडे ब्लॉक जमवते, एक खोली उभी करते, तिच्यावर पत्रा टाकते आणि दुसरी खोली भाड्यानं देऊन तिसरीचे पैसे काढते. ज्यांना तेही जमत नाही ते भाड्यानं राहतात, आणि १९६३ च्या भाडे कायद्यात आगाऊ भाड्याची मर्यादा सहा महिन्यांची असताना घरमालक दोन-दोन वर्षांचं भाडं आधी मागतात. म्हणजे या शहराला सर्वांत जास्त गरज आहे ती भाड्यानं मिळणाऱ्या साध्या, स्वच्छ खोल्यांची. तुमच्या विक्रीच्या करारात खोली भाड्यानं द्यायला मनाई आहे.

हवेबद्दल थोडक्यात. चार फ्लॅट एका जिन्याभोवती गुंफले की समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा जात नाही. कुमासी दमट आहे, पाऊस वर्षातून दोनदा येतो, आणि वीज गेली, म्हणजे इथल्या भाषेत दुमसोर झालं, की पंखा बंद. एकेरी ओळीतल्या खोलीला एक खिडकी रस्त्याकडे, एक दार अंगणाकडे, एवढंच पुरतं.

आता तुमच्याकडून येणारे आक्षेप. मी ते अनेकदा ऐकले आहेत आणि त्यातले काही खरे आहेत.

कंपाउंड हाउसमध्ये भांडणं होतात. होतात. बहुतेक वेळा ती विजेच्या बिलावरून होतात, कारण मीटर एक आणि बिल दिव्यांच्या, फ्रिजच्या संख्येवर वाटायचं. अनेक जुन्या घरांत संडासच नाही, लोक पैसे देऊन सार्वजनिक संडासात जातात, रात्री बायकांना ते धोक्याचं असतं. इथली तरुण पिढी म्हणते की आम्हाला ‘सेल्फ-कंटेन्ड’ हवं. त्याचा अर्थ मी त्यांना विचारला आहे. त्यांना स्वतःचा संडास हवा, स्वतःचा मीटर हवा, दाराला आतून कडी हवी. अंगण नको असं मला फार थोड्यांनी सांगितलं. या तीन गोष्टी देणं प्लंबरचं आणि इलेक्ट्रिशियनचं काम आहे. त्यासाठी अंगण काढून टाकावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जमिनीचा : अंगण जागा खातं. कागदावर मांडून बघा. बाहेरून २० मीटर बाय २० मीटरचं घर धरा. चहूबाजूंनी ३.६ मीटर रुंद खोल्यांची ओळ, आत दीड मीटरची पडवी. मधे जवळपास १० मीटर बाय १० मीटरचं अंगण उरतं, आणि खोल्यांसाठी सुमारे २३५ चौरस मीटर मिळतात. दार, संडास, न्हाणीघरं, कोठी वजा केली तरी एका मजल्यावर १३-१४ राहायच्या खोल्या बसतात, दुमजली केलं तर दुप्पट. लिफ्ट नाही, बंद लॉबी नाही. दोन मजल्यांपर्यंत भिंतीच भार घेतात, त्यामुळे कॉलम-बीमचा सांगाडा टळतो आणि लोखंड बरंच वाचतं. तांबड्या मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेले ब्लॉक इथंच तयार होतात. चार मजली इमारतीपेक्षा घरं कमी भरतील, हे मी लपवत नाही. पण शहराच्या वेशीवरच्या जमिनीवर चार मजल्यांची सक्ती कोणी केलेली नाही.

आणि हे तुम्हाला मी सांगावं लागू नये. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत, बेलापूरला, सात-सात घरं साधारण आठ मीटरच्या चौकाभोवती मांडली, असे तीन गट मोठ्या चौकाभोवती, आणि कोणत्याही दोन घरांत सामायिक भिंत ठेवली नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला घर वाढवता येईल. लिफ्ट नाही, टॉवर नाही, तरी हेक्टरी ५०० माणसांची वस्ती. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत प्लॉट, संडास आणि एका खोलीपासून सुरुवात करून बाकीचं घर लोकांवर सोपवलं. अँथनी आल्मेडा हे दार-एस-सलाममध्ये जन्मलेले गोवेकर मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, परत गेले आणि पुढचं आयुष्य त्या शहराच्या ऊन-वाऱ्याला साजेशा इमारती काढण्यात घालवलं. शिकलो आपण याच शाळांत. मग परदेशात काम मिळालं की भारतातल्या उपनगरातली बिल्डिंग उचलून का नेतो?

कर्ज देणाऱ्यांसाठीही एक जुनी गोष्ट आहे. ओटो कोनिग्सबर्गर हे म्हैसूर संस्थानाचे आणि नंतर स्वतंत्र भारताच्या गृहनिर्माण विभागाचे काम पाहिलेले आर्किटेक्ट. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते संयुक्त राष्ट्रांच्या पथकातून घानात, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये आले. त्या पथकानं सुचवलं की लोक भिंती स्वतः उभारतात, अडतं ते छताशी. तेव्हा छतासाठी, दार-खिडक्यांसाठी कर्ज द्या. घर विकू नका, छप्पर पुरवा. आज भारताची कर्जं मुंबईत कफ परेडला मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेमार्फत आफ्रिकेत जातात. अक्रातलं राष्ट्राध्यक्षांचं जुबिली हाउस २००८ मध्ये अशाच भारतीय कर्जातून, मुंबईच्या शापूरजी पालनजींनी बांधलं. राष्ट्राध्यक्षांच्या इमारतीसाठी जमलेली व्यवस्था पत्र्याच्या छपरासाठीही जमू शकते.

अंगणाचा नकाशा काढला की काम झालं, असंही मी म्हणत नाही. मोरोक्कोतल्या कासाब्लांकात फ्रेंच नगररचनाकार मिशेल एकोशार यांनी १९५० च्या सुमारास आठ मीटर बाय आठ मीटरच्या प्लॉटवर दोन खोल्या आणि एक चौक अशी घरं आखली. वर वाढायची सोय विचारात न घेतल्यानं लोकांनी चौकच बुजवले, वर मजले चढवले. आणि आफ्रिका म्हणजे कुमासी नव्हे. दार-एस-सलामच्या स्वाहिली घरात पुढे बसायचा ओटा, मधे बोळ आणि मागे परसातलं अंगण असतं, ते बायकांचं. नायजेरियाच्या उत्तरेकडच्या हौसा लोकांच्या घरात पाहुणा पहिल्या दालनाच्या पलीकडे जात नाही. अदिस अबाबाच्या वसाहतींत सरकारनं स्वयंपाकासाठी आणि बकरं कापण्यासाठी तळाशी सामायिक इमारती दिल्या. गरज बरोबर ओळखली होती, पण त्या इमारती अनेक ठिकाणी भलत्याच कामाला लागल्या, कारण त्या राहत्या दारापासून तुटलेल्या होत्या. म्हणून एक ‘आफ्रिकन चौक टाइप’ करून सगळीकडे छापू नका, ही विनंती आत्ताच करते.

माझ्या मागण्या अशा :

– नकाशा काढण्याआधी आर्किटेक्टनं त्या शहरात, भाड्याच्या खोलीत, निदान एक पावसाळा राहावं. त्याचा खर्च फीमध्ये धरा.

– स्थानिक आर्किटेक्टला सही करण्यापुरतं बोलावू नका. कुमासीच्या एन्क्रुमा विद्यापीठात कित्येक दशकं आर्किटेक्चर शिकवलं जातं. तिथून तयार झालेल्यांना बरोबरीचा डिझायनर म्हणून, बरोबरीच्या मोबदल्यावर घ्या.

– मंजुरीआधी निदान एका घराचा प्लॅन जमिनीवर फक्कीनं खऱ्या मापात आखा. राहायला येणाऱ्या बायकांना त्यात उखळ, शेगडी, बादल्या ठेवून पाहू द्या आणि त्यांनी सांगितलेले बदल लेखी नोंदवा.

– निम्मी तरी घरं एक-दोन मजली, अंगणाभोवतीची असू द्या. वरच्या मजल्याचा भार घेईल असा पाया आणि जिन्याची जागा पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास आणि स्वतःचा मीटर. अंगणाची मालकी सामायिक ठेवा आणि ते बुजवता येणार नाही असं करारात लिहा.

– खोली भाड्यानं द्यायची, घरात धंदा करायची मनाई काढा.

– कर्ज देणाऱ्यांनी रकमेचा एक हिस्सा छप्पर, दार-खिडक्या आणि संडासासाठीच्या छोट्या कर्जांना राखून ठेवावा, आणि घरं भरली की नाही हे पाहूनच शेवटचा हप्ता सोडावा.

ज्या प्रकल्पामुळे हे पत्र लिहिलं त्याच्या पायाचं खोदकाम अजून सुरू झालेलं नाही. त्याच जमिनीवर दुमजली, अंगणाभोवतीच्या घरांचा पर्यायी नकाशा, साहित्याच्या अंदाजासह, मी कंपनीला पाठवला आहे. दुसऱ्या कोणाला हवा असेल तर त्यांनाही देईन, मोबदला नको. या पत्राचं उत्तर मात्र मला खासगीत पाठवू नका. जिथं हे वाचलं जातंय तिथंच द्या, आणि ‘लोकांना आधुनिक घरं हवी आहेत’ असं पुन्हा लिहिणार असाल तर कोणत्या लोकांना, कधी आणि कोणत्या भाषेत विचारलंत तेही त्यात लिहा.

आपली,
कुमासीत राहणारी एक मराठी आर्किटेक्ट